हातकलेतून घरगुती व्यवसाय: कौतुकाच्या पहिल्या नगापासून धंद्याच्या शंभराव्या नगापर्यंत

"किती सुबक करतेस गं, विकत का नाहीस?" या एका वाक्यावर ठाणे-नवी मुंबईत कितीतरी घरगुती धंदे सुरू होतात आणि त्यातले बरेचसे दोन दिवाळ्यांत गुंडाळले जातात. हातात कला नव्हती म्हणून गुंडाळावे लागतात असं क्वचितच होतं. पहिले पाच-दहा नग मैत्रिणी, वहिनी, शेजारच्या काकू घेतात. मग कुणी परकं माणूस शंभर नगांची चौकशी करतं आणि तेव्हा लक्षात येतं, एका नगाला नेमका किती वेळ लागतो हे आपण कधी मोजलंच नव्हतं. म्हणून या लेखात दोऱ्या-रंगांपेक्षा हिशेबावर जास्त बोलणार आहे. कला तुम्हाला येते असं धरून चालते.

आधी एक वस्तू ठरवा

क्रोशाही येतो, क्विलिंगही (कागदी पट्ट्यांची नक्षी) येतं, रेझिनही (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) शिकून झालंय, म्हणून सगळंच विकायला काढू नका. प्रत्येक कलेचा कच्चा माल वेगळा, डबे वेगळे, उरलेले तुकडे वेगळे, आणि वन-बीएचकेत कपाट एकच. पहिलं वर्षभर एकच वस्तू आणि तिचे तीन-चार प्रकार पुरेत: दाराची तोरणं, हलव्याचे दागिने, रुखवताच्या वस्तू, कापडी पिशव्या, आकाशकंदील, गोधड्या, काहीही.

वस्तू ठरवायची कसोटी सोपी आहे. घड्याळ लावून सलग दहा नग करा. सुरुवातीचे दोन सोडून द्या, बाकी आठांचा सरासरी वेळ वहीत लिहा. मग पहिला आणि दहावा नग शेजारी ठेवा. माप सारखं आलंय का? मनगट, मान, डोळे काय म्हणतायत? आणि सर्वांत महत्त्वाचं, अकरावा करायची इच्छा उरली आहे का? दहाव्यालाच कंटाळा आला तर ती वस्तू छंद म्हणून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

घर आणि हवा यांचाही विचार इथेच करायचा. रेझिनचा वास बंद फ्लॅटमध्ये कोंडतो. मास्क, हातमोजे आणि मोकळी बाल्कनी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर मुळीच नको. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत रेझिन चिकट राहू शकतं, मातीच्या वस्तू लवकर वाळत नाहीत, ताग आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते. मेणबत्त्यांचं उलट, त्यांना मे महिन्यातला कुरिअरचा टेम्पो सोसत नाही.

किंमत: इथे घाई नको

बहुतेक जणी सामानाचा खर्च दुप्पट करून किंमत सांगतात. ही पद्धत सोपी आहे आणि चुकीची आहे, कारण तिच्यात तुमचे तास कुठेच नाहीत. एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा क्रोशाचं एक दाराचं तोरण आहे. सुती दोरा १८० रुपये, मणी-घुंगरू-लटकन ७०, वरची पट्टी आणि अस्तर ३०, पिशवी-खोका-लेबल ४०. सामान झालं ३२० चं. विणायला ६ तास लागले आणि तासाला ७० रुपये मजुरी धरली, तर ४२०. एकूण ७४०. वर सुया, वीज, माल आणायचा प्रवास, फुकट गेलेला दोरा यासाठी दहा टक्के धरा, म्हणजे ७५ च्या आसपास. तोरण तुम्हाला पडलं ८१५ ला. त्यावर वीस टक्के नफा घेतला की किंमत येते साधारण ९८०.

आता हेच तोरण गोखले रोडवरच्या एखाद्या दुकानाने ठेवून घेतलं आणि तीस टक्के मागितले. ९८० मधून २९४ गेले, तुमच्या हातात ६८६. प्रत्येक तोरणामागे १२९ रुपये पदरचे घालून तुम्ही दुकान चालवताय. दुकानाला देऊन नुसता खर्च निघायचा तर किंमत ११६५ हवी. आणि दुकानात ११६५ ला लावलेलं तोरण तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ९८० ला विकत असाल, तर दुकानदार पुढच्या महिन्यात माल परत करील. तेही बरोबरच आहे. किंमत सगळीकडे एकच ठेवावी लागते.

मग करायचं काय? गिऱ्हाईक हजाराच्या वर जायला तयार नाही, असं बाजारात दिसलं, तर किंमत पाडण्याआधी तास पाडा. फुलाच्या सहा पाकळ्या पाच करा, दोन फुलांमधली जाळी सोपी करा, सगळी फुलं आधी विणून मग एका बैठकीत जोडा. सहाचे चार तास झाले की सामान ३२०, मजुरी २८०, वरखर्च ६०, म्हणजे ६६०. हजाराला विकलं तर दुकानाचे ३०० जाऊनही ७०० हातात येतात, आणि थेट विकलं तर ३४० नफा. दोऱ्याचा दर्जा तोच, मजुरीही तीच. नमुना तेवढा बदलला.

तासाचा दर किती धरायचा यावर वाद होतात. मी म्हणेन, घरातलं काम सांभाळून करताय म्हणून तो शून्य धरू नका. पोळ्यांना येणाऱ्या मावशींना आपण तासाला काय देतो ते आठवा आणि त्याच्या खाली जाऊ नका.

कच्चा माल कुठून

सुरुवातीला ठाण्यातला जांभळी नाका पुरतो. लेस, रिबिनी, मणी, पूजेच्या सजावटीचं सामान तिथे मिळतं, आणि कमी नगांसाठी मुंबई गाठण्यात तिकिटापेक्षा वेळ जास्त जातो. महिन्याला चाळीस-पन्नास नग निघायला लागले की मुंबईची घाऊक बाजारपेठ परवडते. ठाण्याहून मध्य मार्गाची धिमी गाडी आणि वाशी-नेरूळहून हार्बर, दोन्ही मशीद स्टेशनला थांबतात. तिथून अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केट चालत होतं. कागद, खोके, हस्तकलेचं सामान तिथे. मणी, लेस, नकली दागिन्यांचे सुटे भाग भुलेश्वरला, कापड मंगलदास मार्केटमध्ये. कापडासाठी उल्हासनगरही आहेच. रविवारी बहुतेक घाऊक दुकानं बंद असतात, आणि सामान घेऊन परतायचं तर संध्याकाळच्या गर्दीआधी गाडीत बसा.

दोऱ्याचं काम करणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यायची: लडीच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाखाली लॉट क्रमांक छापलेला असतो, तो बघायचा. रंग तोच असला तरी लॉट बदलला की छटा किंचित बदलते. दिव्याखाली कळत नाही, पण दारावर दिवसाच्या उजेडात तोरणाचा अर्धा भाग वेगळा दिसतो. मोठ्या ऑर्डरला लागणारा सगळा दोरा एकाच लॉटचा, आणि दहा टक्के जास्तीचा घ्या. पट्टी फेकू नका, वहीत चिकटवा.

पहिल्या फेरीत स्वस्त पडतं म्हणून गोणीभर माल आणायचा मोह आवरा. न विकलेला दोरा म्हणजे कपाटात अडकलेला पैसाच.

सणांचं कॅलेंडर उलटं वाचा

आपल्याकडचं गिऱ्हाईक सणाला खरेदी करतं, तुम्ही मात्र सणाच्या दोन-अडीच महिने आधी कामाला लागलेलं असावं लागतं. संक्रांतीच्या वाणाच्या चौकश्या डिसेंबरातच येतात. गुढीपाडव्याला छोट्या गुढ्या, श्रावणात राख्या आणि मंगळागौरीची सजावट, मग गणपतीची मखरं, नवरात्र, दिवाळीचे कंदील, आणि तुळशीच्या लग्नानंतर रुखवताचा हंगाम. पितृपक्षात खरेदी थंडावते. अनेक जणी तेव्हा हिरमुसतात. खरं तर दिवाळीचा साठा करायला याच्याइतका चांगला पंधरवडा नाही.

हलव्याच्या दागिन्यांचं गणित तर पूर्णपणे तारखेचं आहे. संक्रांत ते रथसप्तमी, एवढाच खेळ. बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, किंवा नव्या सुनेचा तन्मणी, बांगड्या, कंबरपट्टा, यातलं काहीही रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी विकलं जात नाही. म्हणून तयार साठा थोडा आणि विसार घेऊन केलेल्या ऑर्डरी जास्त, असंच ठेवावं. बाळाच्या संचात हलवा शक्यतो ओवलेला असू द्या, कारण बाळ पहिल्यांदा हार तोंडात घालणार आणि तिथे डिंक किंवा गरम गोंद नको. हलवा हवेतला ओलावा ओढतो, तेव्हा हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा.

वाणाची ऑर्डर: हो म्हणण्याआधी

फोन साधारण असा येतो: "ताई, पन्नास नग हवेत, पण तीसच्या आत बसवा हं." दीड हजारांची ऑर्डर ऐकून जीभ हो म्हणून मोकळी होते. थांबा. नगाचं सामान १४ रुपयांचं असेल तर पन्नासचे ७०० गेले, उरले ८००. एका नगाला वीस मिनिटं लागत असतील तर साडेसोळा तासांचं काम, तासाला पन्नास रुपयेसुद्धा पडत नाहीत. हेच सहा मिनिटांत होणारी वस्तू असेल तर पाच तासांत काम संपतं आणि तासाला १६० पडतात. म्हणून वाणासाठी वेगळ्या, पटकन होणाऱ्या दोन-तीन वस्तू आधीच ठरवून त्यांचे फोटो तयार ठेवा. वीस मिनिटांची वस्तू तीस रुपयांत मागणाऱ्या बाईंना तोच फोटो पाठवायचा: "या बजेटमध्ये हे देते."

निम्मा विसार घेतल्याशिवाय माल कापायला घेऊ नका. ओळखीच्यांकडून घ्यायला अवघड वाटतं, तिथेच तो जास्त गरजेचा असतो. रंग, नग, तारीख, उरलेली रक्कम असा एक मेसेज पाठवून त्यावर "ओके" मिळवा. पुढच्या निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

विकायचं कुठे

पहिला टप्पा सोसायटी आणि व्हॉट्सअ‍ॅप. बिझनेस अ‍ॅप घ्या, त्यात कॅटलॉग भरा, प्रत्येक फोटोखाली किंमत लिहा. "किंमत इनबॉक्समध्ये" हा प्रकार निदान आपल्या भागात गिऱ्हाईक पळवतो. फोटो सकाळी खिडकीजवळच्या उजेडात काढा, आणि वस्तू वापरात दाखवा: तोरण दारावर, पिशवी खांद्यावर. आकार कळेल असं काहीतरी सोबत असू द्या, म्हणजे "मला वाटलं मोठं असेल" ऐकावं लागत नाही.

दुसरा टप्पा दुकानं. ती बहुधा जांगडवर माल ठेवतात, म्हणजे विकला तर पैसे, नाही तर माल परत. तोंडी काही ठेवू नका. किती नग दिले, टक्केवारी किती, पैसे कोणत्या तारखेला, खराब झालेला नग कुणाच्या माथी, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन माल मोजा आणि दुकानात तो कुठल्या कोपऱ्यात पडलाय तेही बघा.

तिसरा टप्पा प्रदर्शन. ठाण्यात गावदेवी मैदान, नवी मुंबईत बेलापूरचं सिडकोचं अर्बन हाट आणि वाशी स्टेशनजवळचं सिडको प्रदर्शन केंद्र, शिवाय घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत मोठ्या गृहसंकुलांची सणासुदीची प्रदर्शनं असतात. टेबल घेण्याआधी उलटा हिशेब करा. दोन दिवसांचं भाडं ४००० आणि टेम्पो-रिक्षा, खाणंपिणं ९०० धरलं, आणि विक्रीच्या शंभर रुपयांत सामान व मजुरी जाऊन चाळीस उरत असतील, तर नुसतं बरोबरीला यायला १२,२५० ची विक्री हवी. सरासरी ३५० ची वस्तू असेल तर पस्तीस नग. आधी एकदा नुसती गिऱ्हाईक म्हणून त्या प्रदर्शनात फिरून या, पिशव्या घेऊन बाहेर पडणारी माणसं मोजा, मग ठरवा. संकुलातलं एक दिवसाचं आठशेचं टेबल पुष्कळदा जास्त देऊन जातं.

टेबलावर दीडशेच्या आतली एखादी वस्तू हवीच. भवानी तिच्यावर होते आणि मोठ्या वस्तूकडे बघायला माणूस थांबतो. घासाघीस होणारच. दर कमी करण्यापेक्षा दोन घेतल्यास काहीतरी सवलत, हे बरं पडतं.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर कुरिअरचं वजन समजून घ्या. अनेक कंपन्या काट्यावरचं वजन आणि खोक्याचं वजन यातलं जे जास्त ते लावतात. खोक्याचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. तेच तोरण सपाट ठेवून ४०×३०×१० च्या खोक्यात घातलं तर २.४ किलो, आणि पातळ कागदात गुंडाळी करून २५×१५×८ मध्ये बसवलं तर ०.६ किलो. तोरण मात्र चारशे ग्रॅमचंच. नाजूक वस्तूचं पार्सल पाठवण्याआधी एक नमुना बांधून टेबलाच्या उंचीवरून दोन-तीनदा खाली सोडा. फुटायचंच असेल तर घरी फुटू दे.

कागदपत्रं

इथे घाबरून एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. उद्यम नोंदणी सरकारच्या पोर्टलवर आधार क्रमांकावरून होते आणि ती मोफत आहे. सरकारी वाटणाऱ्या ज्या संकेतस्थळांवर फी मागतात ती खासगी आहेत. गुमास्त्याबाबत, म्हणजे दुकान-आस्थापनांच्या नोंदणीबाबत, महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची.

जीएसटी: राज्यातल्या राज्यात मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात माल पाठवला की एरवी ती सक्तीची होते, पण सरकारच्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना उलाढालीच्या मर्यादेत २०१७ पासून सवलत आहे. पॅन आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) मात्र लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारांवर राज्यापुरती विक्री करता येते.

वस्तूनुसार काही खाचखळगे आहेत आणि ते फारसं कुणी सांगत नाही. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं आहे. क्रोशाच्या बाहुल्या त्यात येतात. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांच्या मालाला सूट आहे, तेव्हा आधी त्या कार्यालयाचं पहचान ओळखपत्र काढायला घ्या. कार्टूनमधली पात्रं विणून विकणं तर नकोच, ती कुणाच्या तरी मालकीची असतात. घरी केलेला साबण आणि क्रीम ही सौंदर्यप्रसाधनं धरली जातात. ती विकायला औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. सजावटीतला थर्माकोल बंद आहे, मखर पुठ्ठ्याचं किंवा कापडाचं करा. आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ती आपल्या शेजारच्या पालघर भागातल्या आदिवासींची कला. पिशव्यांवर ती हवी असेल तर तिथल्या चित्रकारांकडून मजुरी देऊन काढून घेणं मला जास्त योग्य वाटतं.

वस्तू आधीच बंद पाकिटात भरून विकत असाल तर पाकिटावर नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापा.

पैसा

धंद्याचं खातं वेगळं आणि यूपीआयचा क्यूआर त्याच खात्याचा. किराणा आणि दोरा एकाच खात्यातून जायला लागले की नफा दिसेनासा होतो. पहिल्या वर्षी कर्ज घेऊ नका, असं माझं मत. पुढे यंत्र घ्यायचं झालं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांपुरती आहे; शिवणकाम, कुंभारकाम, टोपल्या-चटया विणणं, हार बनवणं, पारंपरिक बाहुल्या-खेळणी त्यात आहेत, रेझिन किंवा क्विलिंग नाही.

हात कमी पडायला लागले की

सलग तीन महिने ऑर्डरी नाकाराव्या लागल्या तरच दुसरं माणूस घ्या. सोसायटीतली किंवा बचत गटातली कुणी असेल तर काम तुकड्यांत द्या: फुलं त्यांनी विणायची, जोडणी आणि शेवटची तपासणी तुमच्याकडे. दर नगावर ठरवा, पण त्याआधी त्यांना दहा फुलं घड्याळ लावून विणायला सांगा. त्यांचा वेळ तुमच्यापेक्षा बराच जास्त निघू शकतो. दर त्यांच्या वेळेवरून ठरतो, तुमच्या नाही. तो आकडा किमतीत बसत नसेल तर माणूस घेण्याआधी पुन्हा नमुना सोपा करायला बसा. सोबत एक नमुन्याचं फूल आणि मापाची पुठ्ठ्याची चकती द्या, बिघडलेल्या फुलाचा दोरा कुणाचा हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, आणि मजुरी दर शनिवारी चुकती करा, गिऱ्हाइकाचे पैसे यायचे असले तरी.